पुलावरून दिसणारं बाकडं

कौसल्येबरोबर शेवटचं काम केलं ते मेथी निवडायचं. एक जुडी, दोघं समोरासमोर, मध्ये परात. मी पानांबरोबर देठंही घेत होतो म्हणून ती म्हणाली, "शेळी बसवली असती तर तिनं नीट निवडली असती." मी म्हणालो, शेळी निवडत नाही, खाते. असं आमचं चालायचं.

मग ती म्हणाली, आपलं ते जुनं दगडी स्टेशन दुरुस्त करून परत उघडणार आहेत, शेजारणीनं मोबाईलवर दाखवलं, जायचं का बघायला. मी म्हणालो, स्टेशनात बघायचं काय. आणि बाजरीचा डबा उचलून गिरणीकडे निघालो. मागून तिचा नेहमीचा सवाल आला.

"येणार ना?"

हा सवाल मी चाळीस वर्षांवर ऐकला. कंपनीत निघालो तरी, दाढी करायला निघालो तरी, कोपऱ्यावर तंबाखू आणायला निघालो तरी. सुरुवातीला हुं म्हणायचो. पुढे पुढे डोकं फिरायचं. मी काय कुठे पळून चाललोय का? त्या दिवशी डबा जड होता आणि ऊन होतं. मी वळलोसुद्धा नाही. म्हणालो, "न्हाई येत जा."

गिरणीत लाईट नव्हती. डबा नंबराला लावून मी तसाच परत आलो. अर्धा तास झाला असेल नसेल. निवडलेली मेथी परातीत होती. कौसल्या भिंतीला टेकून होती, मान खांद्यावर. दोनदा हाक मारली, ओ आली नाही.

गावाकडच्या पोरांनो, तुम्ही दिवाळीच्या अंकासाठी प्रवासवर्णन मागितलंत. लोक काशीचं लिहितात, काश्मीरचं लिहितात. मी चाकणहून निघून एका स्टेशनावर दिवसभर बसून आलो, तेवढंच माझ्याजवळ आहे. माझं शिक्षण चौथी. शुद्धलेखन तुम्ही बघा, मजकुराला हात लावू नका. स्टेशनाचं नाव मी लिहिणार नाही. देहूच्या बाजूला आहे, एवढं पुरे. नाव लिहिलं की लोक म्हणतील म्हातारा तक्रार करतोय. माझी तक्रार स्टेशनाबद्दल नाही.

उद्घाटन पुढे ढकललं, परत ढकललं. ते झालं तेव्हा कौसल्येला जाऊन दीड महिना झाला होता. रविवार होता. पोरगा दत्ता संत तुकाराम नगरला असतो, तो फोनवर म्हणाला, दादा, मी गाडीनं नेतो. मी नको म्हणालो. त्याच्यासमोर मला तिथे बसायचं नव्हतं.

सकाळी कुलूप लावलं. मागून कोणी काही विचारलं नाही. मी ओट्यावर थोडा वेळ उभाच राहिलो. समोरची बाई म्हणाली, काका, काही विसरलं का? मी म्हणालो, नाही.

चाकणचा चौक तुम्ही पाहिला नाही ते बरंच आहे. चारी बाजूंनी कंटेनर (मालाच्या लोखंडी पेट्या वाहणाऱ्या लांबड्या गाड्या) येऊन एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून उभे राहतात. एका ट्रकवर नव्या कोऱ्या मोटारी खुराड्यातल्या कोंबड्यांसारख्या रचलेल्या होत्या. त्यांना वारा लागत होता, आम्हाला लागत नव्हता. रात्रपाळी सुटलेली पोरं कंपनीच्या बसमध्ये काचेला डोकं लावून झोपली होती. तोंडं उघडी. मीही तीस वर्षं तसाच झोपून घरी आलो. बायकोला माझं जागं तोंड किती दिसलं असेल, हिशेब केला तर लाज वाटेल.

सहा सीटरमध्ये (मोठी रिक्षा, सहा जणांची, बसतात अकरा) जागा मिळाली. ड्रायव्हर लातूरकडचा होता. म्हणाला, "मामा, सरका जरा, अजून एक लेकरू बसतंय." लेकरू म्हणजे मिशीवाला गडी निघाला, मांडीवर ड्रिल मशीन. म्हाळुंग्याच्या पुढे रस्त्याला शेत औषधालासुद्धा उरलं नाही. पत्र्याच्या भिंती, आत शेड, बाहेर "कामगार पाहिजेत" च्या पाट्या. आम्ही चाकणला राहायला आलो तेव्हा याच रस्त्याला कांद्याचा वास यायचा.

देहूच्या फाट्याला उतरताना चपलेचा अंगठा तुटला. फूलवालीनं हाराचा दोरा दिला, त्यानं बांधली. ती म्हणाली, "बाबा, दर्शनाला अनवाणीच जात्यात, राहू द्या की." मी म्हणालो, मी दर्शनाला नाही चाललो. तिथेच उभ्यानं चहा घेतला आणि त्यानंतर दिवसभर काही खायचं नाही असं ठरवलं. का, ते पुढे येईल.

पुलावरून इंद्रायणी दिसली. पाण्यावर साबणासारखा पांढरा फेस होता. खाली घाट. महिनाभरापूर्वी कौसल्येचा दहावा तिथेच झाला.

पिंड ठेवला तेव्हा झाडावर चांगले दहा-बारा कावळे होते. एक खाली उतरेना. कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्या माणसाचं काहीतरी मागे राहिलं, हे तुम्हाला सांगायला नको. मग एकेक जण कबूल करायला लागला. दत्ता म्हणाला, आई, दादांना मी बघीन. सून म्हणाली, पोरीला शिकवू. कौसल्येची बहीण रडत म्हणाली, तुझी नाकातली मोरणी माझ्याकडे राहिली, ती परत देते. कावळे बघत बसले. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. काय राहिलं ते मला माहीत होतं. जायचं का बघायला, एवढंच तिनं मागितलं होतं. पण चारचौघांत त्या स्टेशनाचं नाव काढायला माझं तोंड उघडेना. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी जेवायला गेली.

तिथून पुढे बस. कंडक्टरनं विचारलं कुठे. मी म्हणालो, स्टेशन.

"उद्घाटनाला का बाबा? शाल मिळणार दिसतीय."

"न्हाई. बसायला."

"बसायला घरी जागा न्हाई व्हय?"

मागचे दोघे हसले. त्याला काय माहीत. एके काळी हेच तर खरं होतं. आता ते लिहितो, म्हणजे पुढचं कळेल.

लग्नानंतर मी आठ दिवस गावात राहिलो आणि पिंपरीला कामावर आलो. बायको वर्षभर माहेरी. इकडे मी कॉट बेसिसवर राहत होतो (एक खाट, तीन पाळ्यांचे तीन गडी, एक उठला की दुसरा त्याच गरम गोधडीत झोपायचा). सासऱ्याची चिठ्ठी आली की पोरीला कधी नेता. मी कळवलं, खोली बघितली आहे, पाठवा. खोली खरंच बघितली होती, नाल्याच्या कडेला. पण ती यायच्या आदल्या दिवशी मालकानं ती दुसऱ्याला दिली. आता कळवणार कसं? फोन कोणाकडे होता?

तिच्या मामानं तिला पुण्याला लोकलमध्ये बसवून दिलं आणि तो परतीच्या गाडीला गेला. अमुक स्टेशनाला उतर, जावई उभे असतील. आणि मी उभा होतो. फलाटावरच्या पुलावर. सकाळी नवाच्या सुमाराला. खाली दगडी बाकड्यावर कौसल्या बसलेली, हिरवं लुगडं, पायाशी पत्र्याची पेटी. वर्षभरानं बायको दिसली आणि माझे पाय पुढे जाईनात. खाली जाऊन सांगू काय? चल, खाटेवर तिसरा गडी झोपलाय, तो उठेपर्यंत उभी राहा? मला वाटलं, तासाभरात दुसरी खोली बघतो आणि येतो. मी मागे वळलो.

तासाभराचा दिवस झाला. खोली मिळाली तेव्हा दिवे लागले होते. धावत स्टेशनावर गेलो तर ती तिथेच. मी म्हणालो, "कंपनीनं सोडलंच न्हाई. ओव्हरटाइम लागला." ती म्हणाली, "बरं." पेटी मी डोक्यावर घेतली. त्यावर आमच्यात परत कधी एक शब्द झाला नाही.

म्हणून मी ठरवलं होतं की ती बसली तेवढं बसायचं. नवापासून दिवे लागेपर्यंत, उपाशी. कावळ्याला ते पटतंय का बघू.

स्टेशन आधी ओळखू येईना. काळे पडलेले दगड घासून पिवळट केलेत. छपराच्या कडेला लाकडी नक्षी होती ती पांढरी रंगवलीय. झेंडूची तोरणं, बँड, मांडव, खुर्च्यांना पांढरी झबली. काम चांगलं झालंय, खोटं कशाला बोलू. फक्त पूर्वी तिथे डांबर, विडी आणि ओल्या पोत्याचा वास यायचा. आता रंगाचा येतो.

फलाटाचं तिकीट मागितलं. खिडकीतली पोरगी म्हणाली, दोन तास चालतं. मी म्हणालो, मला दिवे लागेपर्यंत बसायचंय. ती म्हणाली, "आजोबा, मग दर दोन तासांनी या मला भेटायला." मी दर दोन तासांनी गेलो. तिसऱ्या वेळी तिनं काही विचारलं नाही, नुसतं तिकीट दिलं.

बाकडं जागेवरच होतं. त्याला धुऊन, भोवती लाल दोरी लावून पाटी ठेवली होती: जुनी आठवण, कृपया बसू नये. लोक दोरीला टेकून फोटो काढत होते. मी दोरी ओलांडली आणि बसलो. वॉचमन आला. म्हणाला, बाबा, उठा, साहेब येणारेत. मी म्हणालो, माझ्याकडे तिकीट आहे. तो म्हणाला, तिकीट फलाटाचं आहे, बाकड्याचं नाही. मी म्हणालो, बाकडं फलाटावर आहे. भाषणं सुरू झाली म्हणून तो तिकडे पळाला.

दगड गार होता. बसल्यावर सहज वर बघितलं. समोर पूल. लोखंडी, तोच, नवा रंग दिलेला. पुलावर एक माणूस कठड्याला टेकून केळं खात होता. त्याच्या शर्टाच्या चौकटी दिसत होत्या. केळ्याची साल दिसत होती. पुलावरून बाकडं दिसतं, हे मला पक्कं माहीत होतं. बाकड्यावरून पूल दिसतो, हे इतक्या वर्षांत एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

भाषणं संपली, सत्कार झाले. स्टेशनाशी जुना संबंध असलेल्या चार म्हाताऱ्या माणसांना शाली दिल्या. त्यात एक बाई होती, ऐंशीच्या घरातली, पांढरी ओढणी, हातात नारळ. तिचं नाव पुकारलं, हमीदाबी. तिच्या नवऱ्याची फलाटावर चहाची टपरी होती. फोटोवाल्यांनी तिला बाकड्याकडे आणलं. बाबा, बाजूला व्हा, म्हणाले. ती म्हणाली, "राहू दे रे त्याला. बाकडं काय तुझ्या बापाचं आहे?" आणि येऊन माझ्या शेजारी बसली. फोटो झाले, पोरं गेली. नारळ आमच्या दोघांच्या मध्ये.

तिनं विचारलं, "पाय दुखतात का?"

मी म्हणालो, "न्हाई. माझी बायको एकदा इथं दिवसभर बसली होती. म्हणून बसलोय."

ती माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मग म्हणाली, "पेटीवर मोर होते का?"

पेटीवर मोर होते. दोन, एकमेकांकडे तोंड केलेले. एकाची चोच खरवडलेली.

मी मान हलवली. हमीदाबी म्हणाली, "म्हणजे तू तो पुलावरचा."

ती पुढे म्हणाली, "कौसल्या कुठाय?"

"गेली. दीड महिना झाला."

तिनं ओढणी डोक्यावर ओढली, ओठांतल्या ओठांत काही म्हणाली. मग बोलली, "तिनं मला शपथ घातली होती. ती गेली, शपथ सुटली. ऐक आता. सकाळी मी दूध घेऊन आले तेव्हा ती इथं उभी होती, हात वर करून. मी म्हटलं, कोण गं? म्हणाली, आमचे हे. मी वर बघितलं तर निळ्या कपड्यातला माणूस वळून चाललेला. तिचा हात तसाच वर. खाली घ्यायचं तिला सुचेना."

बँडवाले गाणं वाजवत होते. मी ते सगळं गाणं ऐकलं.

"दुपारी मालगाडीची घंटा झाली," हमीदाबी म्हणाली. "माझी नजर इकडे गेली तर पेटी आहे, पेटीजवळ चपला काढून ठेवल्यात, नीट, शेजारी शेजारी. आणि पोरगी नाही. फलाटाच्या टोकाला गेली होती, अगदी कडेला. मी पळाले. टपरीवरून नवरा ओरडला, दूध उतू गेलं. मी तिचा दंड धरला तो गाडी जाईपर्यंत सोडला नाही. तिला म्हटलं, येईल तो. नाही आला तर माझ्या घरी चल, माझ्या पोरींत झोप. मग चहा दिला, पाव दिला. दिवे लागेपर्यंत ती मला एकच विचारत होती. भाभी, येणार ना? भाभी, येणार ना?"

मी नारळावर हात ठेवला. कशावर तरी ठेवायचा होता.

मी म्हणालो, तिनं मला कधी विचारलं नाही. हमीदाबी म्हणाली, "दर संक्रांतीला मला तिळगूळ द्यायला यायची. तुम्ही चाकणला गेलात तोपर्यंत." मला ती सांगायची मैत्रिणीकडे चालले. मैत्रीण कोण, मी विचारलं नव्हतं. "मी एकदा म्हटलं, अगं, नवऱ्याला विचार की, का वळलास. तर म्हणाली, भाभी, विचारलं तर खरं सांगतील. आणि खरं काय निघंल कुणास ठाऊक. मी आवडले नसेन. नाहीतर दुसरी कोणी असंल. त्यापेक्षा ओव्हरटाइम बरा."

"खोली नव्हती," मी म्हणालो. "खोली मिळाली नव्हती. दुसरं काय न्हाई."

हमीदाबीनं मांडीवरची शाल नीट घडी केली आणि म्हणाली, "मला सांगून काय उपयोग, भाऊ?"

तिचा नातू तिला न्यायला आला. जाताना ती वॉचमनला म्हणाली, ह्याला उठवू नको. तिनं नारळ माझ्याजवळच ठेवला. वॉचमननं कार्यक्रमातलं खाण्याचं पाकीट आणून दिलं, त्यात समोसा आणि पेढा होता. मी ते मांडीवर ठेवलं आणि बसून राहिलो. गाड्या आल्या, गेल्या. प्रत्येक गाडीला मी फलाटाच्या टोकाकडे बघत होतो. नवी पिवळी पट्टी मारली आहे तिथे, हिच्या मागे राहा म्हणून. तेव्हा नव्हती.

दिवे लागले. नवे दिवे जुन्यासारखे केलेत, छान आहेत. मी उठलो. गुडघे धरले होते. पाकीट वॉचमनला दिलं, नारळ घेतला आणि पुलावरून न जाता लांबच्या फाटकानं बाहेर पडलो.

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. लोक प्रवास करून आले की म्हणतात, मन हलकं झालं. माझं काही हलकं झालं नाही. जाताना मला वाटत होतं, मी एक दिवस देणं आहे, तो बसून फेडतो. येताना कळलं, ती त्या बाकड्यावरून उठलीच नव्हती. घरात भाकऱ्या थापल्या, दत्ताला वाढवलं, माझे डबे भरले, आणि रोज दारातून विचारत राहिली. मी एकदा जरी तोंड उघडलं असतं तरी तिला उठता आलं असतं. खोली नव्हती. दोन शब्द. मला लाज वाटत होती ती खोलीची, आणि ती समजत राहिली तिची.

इंद्रायणीच्या पुलावर अंधार होता, पाणी दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठलो. गिरणीवाल्यानं दोनदा निरोप पाठवला होता, काका, तुमचा डबा दळून पडलाय. मी चप्पल घातली, दोऱ्याची. दारात आलो आणि परत आत वळलो. भिंतीपाशी, ती टेकून बसली होती तिथे, उभा राहिलो आणि म्हणालो, "त्या दिवशी खोली मिळाली न्हवती. ओव्हरटाइम न्हवता. तू हात वर केलेला मी बघितला न्हाई. बघितला असता तर आलो असतो का, ते मला सांगता येत न्हाई." मग म्हणालो, "गिरणीत जाऊन येतो."

समोरची बाई ओट्यावर होती. तिनं ऐकलं असेल. ऐकू दे.

डबा घेऊन आलो. दारात म्हणालो, आलो. चूल, म्हणजे गॅस, पेटवला. भाकरी मी जन्मात थापली नव्हती. दोन झाल्या, एक फाटली. बाजरीचं पीठ इतके दिवस राहिलं की कडू होतं, हे तिनं मला हजारदा सांगितलेलं.

कडूच होत्या. दोन्ही खाल्ल्या.